दाजींच्या म्हशीचा पान्हा

आक्का फोनवर एकाच बोलण्यात तीनदा "सगळं बरं हाय" म्हणाली, तेव्हाच आईनं ओळखलं की काहीतरी बिनसलंय. फोन ठेवल्या ठेवल्या ती माझ्याकडं आली. वीजमाग चालू असताना आमच्या वडगावात कुणी कुणाला हाका मारत नाही, खांद्याला धरून हलवतात. आई मला हलवत होती आणि तिचे ओठही हलत होते. मी बटण बंद केलं तेव्हा शेवटचे शब्द तेवढे ऐकू आले, "...आणि तिला घेऊनच ये."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण शालन. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणणारं. तिनं लग्न केलं ते निपाणीच्या एका ख्रिस्ती माणसाशी. ती बेळगावात नर्सिंग शिकत होती आणि ते त्याच दवाखान्यात आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करायचे. त्या वेळी घरात जो दंगा झाला तो झाला. पुढं आईचा राग निवळला. आक्काच्या मोकळ्या कपाळाकडं बघून एक उसासा टाकते तेवढाच काय तो आता उरलाय. दाजींचं नाव योहान. कणकुंबीच्या वरच्या जंगलात गवळी धनगरांचे (डोंगरात म्हशी पाळून राहणाऱ्यांचे) वाडे आहेत, तिथं ते गेली कित्येक वर्षं पास्टर आहेत. त्यांचं घरही तिथंच. दोघं वर्षातून एकदोनदा खाली यायची. मी वर कधी गेलो नव्हतो. मला चढ सोसत नाही आणि म्हशींशीही माझं फारसं जमत नाही.

दुसऱ्या दिवशी खडेबाजारातून कुंदा (दूध आटवून केलेली आमची बेळगावी मिठाई) घेतला आणि बसस्टँड गाठलं. बस भरलेली. कंडक्टर "मुंदे होगी, मुंदे" (पुढं चला, पुढं) असं ओरडत होता आणि पुढं जायला जागा नव्हती. मी कुंद्याचा डबा सीटवर ठेवून पिशवी वर चढवली, तेवढ्यात एक धिप्पाड बाई त्या डब्यावर बसली. "डबा हाय हो खाली," मी म्हटलं. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय?" असं मलाच दरडावून तिनं चेपलेला डबा माझ्या हातात दिला. जांबोटीपर्यंत मी तो मांडीवर घेऊन धुसफुसत बसलो होतो. जांबोटी सुटली आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडी वाकली. उन्हाळा असून खिडकीतून गार वारा येऊ लागला. करवंदांचे द्रोण घेऊन पोरीबाळी वळणावळणावर उभ्या होत्या. एरवी मी उतरून घेतली असती.

कणकुंबीला उतरलो आणि चहाच्या टपरीवर बसलो. दाजी वरून चालत येणार होते. टपरीवाल्यानं चहा पुढं करत विचारलं, "कुणाकडं आलाय पावणं?"

"वर, पास्टरांकडं."

त्याचा हात थांबला. शेजारच्या बाकावर चार तरुण मंडळी बसली होती, बाहेर त्यांच्या मोटारसायकली उभ्या होत्या. त्यांच्यातल्या काळा चष्मा लावलेल्यानं माझ्याकडं मान वळवली. मग तो हसला. हसणं चांगलं होतं, त्यामुळंच मला बरं वाटलं नाही.

"बेळगावचं काय तुमी? हिंदू न्हवं?"

"व्हय. वडगावचा. इणकर हाय."

"मग तुमची माणसं घेऊन जावा की खाली. आज सांजच्याला आमी बी वर येणार हाय."

तो उठला, बाकीचे उठले. मोटारसायकली निघून गेल्या तरी टपरीवाला फडक्यानं तीच जागा पुसत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "आज नको हुतं यायला तुमी." चहा कसा होता ते मला आठवत नाही.

दाजी आले ते ओळखूच आले नाहीत इतके वाळले होते. पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत औषधं, बॅटरी आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पवित्र शास्त्र. मी बसमधली, टपरीवरची सगळी हकीकत एका दमात सांगितली. "व्हय, म्हाईत हाय," एवढंच बोलून त्यांनी माझी पिशवीही आपल्या खांद्यावर टाकली.

डांबरी रस्ता सोडून आम्ही जंगलात शिरलो. पायवाट ओढ्याच्या कोरड्या दगडांतून वर जात होती. दाजी चालताना खालच्या आवाजात एकच चाल गुणगुणत होते. मी धापा टाकत विचारलं, "हे काय, दाजी?"

"आमच्यातलं उपासनेचं गाणं हाय. आता आमच्या म्हशीला ह्याची सवय झाल्या. पहिलारू, पहिल्या वेताची हाय न्हवं, लाथा झाडती. शालन धार काढाय बसली की मी मानंला खाजवत हे म्हणत ऱ्हातो. मग गप उभी ऱ्हाती."

वळणावर एका दगडापाशी एक म्हातारी वाट बघत बसली होती. ठकूबाई तिचं नाव. दाजींना बघितल्यावर तिनं मान मागं टाकली. दाजींनी पिशवीतून बाटली काढून तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब सोडले, डोक्यावर हात ठेवून चार वाक्यांची प्रार्थना केली. म्हातारी मोठ्यानं "आमीन" म्हणाली. मग उठली, आणि त्या शेजारच्या शेंदूर फासलेल्या दगडालाही कपाळ टेकवून चालू लागली. मी दाजींकडं बघितलं. दाजी झाडाकडं बघत होते.

"ही तुमच्यातली?" मी विचारलं.

"दर रविवारी येती."

"आणि हे?"

"तो वाघदेव. म्हशी राखतो म्हणत्यात. मी तिला जे सांगायचं ते सांगतो. बळजबरी करत न्हाय."

मग म्हातारी बसली होती त्या दगडावर टेकून त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. ती सगळ्यांनी नीट समजून घ्यावी, म्हणून जशी कळली तशीच मांडतो.

या वाड्यावर पावसाळ्याआधी एकदा वाघदेवाचं दूध असतं. ज्याच्या दारात दुभती म्हैस, त्या प्रत्येकानं संध्याकाळची धार देवाच्या हंड्यात घालायची. त्याची खीर करतात. एका चुलीचं जरी दूध कमी असलं तरी हंड्याखाली जाळ पेटत नाही, आणि जाळ पेटला नाही तर वरच्या रानात म्हशी सोडत नाहीत. आजवर दाजींचा त्याच्याशी संबंध नव्हता, कारण त्यांच्याकडं म्हैस नव्हती. पण वाड्याचे वडीलधारे जानूआप्पा यांची सून बाळंतपणात अडली होती, तिला आक्कानं सोडवलं. त्या आनंदात आप्पांनी आक्काला एक वगार (अजून न व्यालेली म्हैस) दिली. ती चांदी. ती यंदा व्याली, आणि दाजींची चूल देवाच्या हिशेबात आली.

त्यातच खालून ही मोटारसायकलवाली मंडळी येऊ लागली होती. पास्टर लोकांना बाटवतो, त्याला पावसाच्या आत घालवा. नाही घालवलात तर खाली तुमचं दूध कोण घेतंय ते बघू, असा त्यांनी आप्पांना दम भरला होता. आप्पांनी त्यांना सांगितलं, हा निवाडा माझा नव्हे, हंड्याचा. ज्याचं दूध हंड्यात पडलं तो वाड्याचा, आणि वाड्याच्या माणसाला बाहेरच्यानं हात लावायचा नाही. ज्याचं पडलं नाही तो पाहुणा, आणि पाहुण्यानं कधीतरी उठायचंच असतं.

"मग घाला की दूध!" मी म्हटलं. "इतकं सोपं हाय."

दाजींनी पिशव्या उचलल्या. "चल, तुझी आक्का वाट बघत आसंल."

घर मातीचं, कौलारू, अर्ध्यात माणसं आणि अर्ध्यात म्हैस. ओसरीवर भिंतीला एक ढोलकी टांगलेली, कोनाड्यात गोळ्यांच्या बाटल्या ओळीनं. रविवारी इथंच उपासना होते आणि एरवी इथंच आक्काचा दवाखाना. आक्कानं मला बघून आधी चेपलेला डबा उघडला, बोटानं कुंदा चाखला आणि मगच डोळे पुसले. तिनं नाचणीची भाकरी, कोवळ्या फणसाची भाजी आणि लोण्याचा गोळा वाढला. पलीकडून चांदी माझ्याकडं बघत होती. कपाळावर पांढरा ठिपका, बाकी काळीकुळकुळीत, आणि नजर आमच्या आईसारखी, आत्ता काहीतरी बोलेल अशी.

जेवताना मला राहवलं नाही. "दाजी, एक तांब्याभर दूध! त्याच्यापायी घर सोडणार?"

"माणसाला द्यायचं आसंल तर चरवी भरून देतो, बाळू. सगळ्या वाड्याला देतो. पण हंड्याजवळ आप्पा नाव घेऊन म्हणत्यात, अमक्याची चूल तुझी हाय देवा, राख तिला. माझी चूल मी एकाच्या हवाली केल्या. संध्याकाळी दुसऱ्याच्या करायची आणि रविवारी हितं उभं ऱ्हाऊन काय सांगायचं?"

"मग मी घालतो. माझी मान देवापुढं रोज वाकती."

"तुझी चूल हितं न्हाय रं," आक्का म्हणाली. "मी बी तेच इचारलं हुतं आप्पांना, ठकूबाईच्या हातनं देऊ का म्हणून. न्हाय म्हणाले."

"मग तू दे. म्हस तुला दिल्या, ह्यांना न्हाय."

आक्कानं ताकाचं भांडं माझ्यापुढं सरकवलं. दाजी ताटातल्या भाकरीकडं बघत राहिले. मी नको तिथं बोट घातलं हे मला कळलं, पण शब्द परत घेता येत नव्हता.

"मी दिलं तर दूध पडंल," आक्का शेवटी म्हणाली. "पण मग ह्या घरात दोन चुली झाल्या म्हणायच्या. ते मला करायचं न्हाय." आणि मग दाजींकडं न बघता, "पण मला हितनं जायचं बी न्हाय. हितली पोरं माझ्या हातावर जल्माला आल्यात. वडगावात मी काय करू? बोबिनं भरू?"

बोबिनं भरण्यात काय वाईट आहे, असं माझ्या ओठावर आलं होतं. आईनं तेच ठरवलं होतं. मी ताक पिऊन टाकलं. मला दाजींचा राग आला होता, खरं सांगायचं तर संताप आला होता. माणूस इतका मऊ बोलतो आणि एवढासा वाकत नाही, हे मला सहन होत नव्हतं. आक्काचं सामान बांधून ठेवावं म्हणून मी कोपऱ्यातली ट्रंक पुढं ओढली. तिनं ती पायानं मागं सारली.

दुपार सरता सरेना. वाड्यावर कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बायका येऊन औषध घेऊन जात होत्या. एकीनं पोराचा ताप दाखवला, एकीनं काहीच दाखवलं नाही, नुसतीच आक्काजवळ बसून गेली. दाजी ओसरीवर पवित्र शास्त्र उघडून बसले होते, पान उलटत नव्हतं.

उन्हं कलली तशा म्हशी रानातून परतल्या. वाड्याच्या वरच्या अंगाला एक जुना जांभूळ आहे, त्याच्या बुंध्याशी वाघदेवाचा मूळ, मोठा दगड आणि समोर तीन धोंड्यांवर ठेवलेला तांब्याचा हंडा. खाली लाकडं रचलेली, पण पेटवलेली नव्हती. जानूआप्पा हंड्याजवळ उभे होते. उंच, वाकलेले, डोक्याला मुंडासं, अंगावर घोंगडी. चुलीमागून चूल येत होती आणि आपापलं दूध ओतत होती. ठकूबाईनं आपल्या एकुलत्या म्हशीचं आणलं, ओतलं आणि दाजींच्या घराकडं चोरून बघितलं. दाजी दारात उभे होते. त्यांनी तिला हात केला, काही हरकत नाही असा.

मोटारसायकली वर येत नाहीत, त्यामुळं ती चौघं घामाघूम होऊन पायीच आली आणि जांभळाखाली येऊन उभी राहिली. चष्मेवाल्यानं हंड्यात डोकावून विचारलं, "झालं समद्यांचं?"

"एक ऱ्हायलंय," आप्पा म्हणाले.

सगळा वाडा दाजींच्या दाराकडं वळला. मी आक्काच्या शेजारी उभा होतो. तिनं माझं मनगट पकडलं होतं आणि नखं रुतत होती.

आप्पा तिथूनच म्हणाले, "पास्टर, दूध आणा."

दाजी पायरी उतरून अंगणात आले. आवाज लहानच होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आप्पा, तुमचा शब्द मी कधी मोडला न्हाय. पण हे माझ्यानं हुणार न्हाय. तुमाला राग आला तर मला आत्ताच जायला सांगा."

चष्मेवाला जोरात हसला. "ऐकलं न्हवं? पावणा हाय तो. पावणा म्हणाल्यावर—"

"थांबा," आप्पा म्हणाले. त्यांनी घोंगडी काढून फांदीवर टाकली, रिकामी चरवी उचलली आणि काठी टेकत खाली आले. दाजींच्या समोर थांबले. "घरात सुतक आसलं तर ती माणसं देवाच्या दुधाला शिवत न्हाईत. आमी त्यांचं दूध टाळतो का? न्हाय. मी जातो आणि माझ्या हातानं काढून आणतो. तुमी शिवत न्हाय, इतकंच न्हवं?"

"ह्यांच्यात कोण मेलंय?" चष्मेवाला मागून ओरडला.

"कारण मी कुणाला इचारत न्हाय," आप्पा म्हणाले. "शिवत न्हाय म्हणत्यात, बास झालं. म्हशीला तर बाप्तिस्मा दिला न्हाईसा न्हवं, पास्टर? ती वाघदेवाच्या रानातलं गवत खाती."

एकदोघं हसली. दाजी हसले नाहीत. ते बाजूला झाले. हो म्हणाले नाहीत आणि आप्पांची वाटही अडवली नाही.

आता हे मिटलं, असं मला वाटलं. मी आक्काचा हात सोडवून घेतला. आप्पांनी रेडकू सोडून चांदीला जरा पाजलं, मग ओढून बांधलं आणि चरवी गुडघ्यात धरून बसले. पण चांदीनं परका हात ओळखला. तिनं पाठ ताणली आणि पान्हा चोरला. आप्पा सड ओढत होते आणि चरवीत थेंब पडत नव्हता. त्यांनी रेडकू पुन्हा लावलं, पुन्हा बसले. या खेपेला तिनं अशी लाथ झाडली की चरवी गडगडत माझ्या पायाशी आली. सगळं आयुष्य म्हशींत घालवलेला तो म्हातारा धुळीत बसकण मारून राहिला.

वाडा गोठ्याभोवती जमला होता. सूर्य पलीकडच्या डोंगराला टेकला होता.

"बघा," चष्मेवाला हळूच म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता, आणि म्हणून ते जास्त झोंबलं. "देवालाच नको हाय ह्या घरचं दूध. आता आजून काय पायजे?"

हे मात्र लोकांना लागलं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एक म्हातारा मागच्या मागं सरकला. आप्पांच्याही तोंडावर मला पहिल्यांदाच भीती दिसली. वाड्यानं माणसाला ठेवून घ्यायचं ठरवलं आणि देवानंच नाही म्हटलं, तर पुढं आप्पांच्या हातात काय उरणार? आक्का एक पाऊल पुढं झाली. तिचा हात लागला असता तर चांदीनं, लाथा झाडत का होईना, दूध सोडलं असतं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. ती थांबली आणि दाजींकडं बघू लागली. तिनं काही मागितलं नाही.

दाजी हलले. सावकाश गोठ्यात शिरले आणि चांदीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. हा माणूस आता तिला सोडून देतो की काय, असंच मला वाटलं. त्यांनी तिच्या गळ्याखाली हात घातला आणि खाजवू लागले. मग डोळे मिटले आणि वाटेनं गुणगुणत होते तीच चाल सुरू केली. शब्द नव्हते, किंवा असले तर मला कळले नाहीत.

चांदीनं कान खाली टाकले. पाठ सैल सोडली. आप्पांनी चरवी परत गुडघ्यात धरली, आणि पहिली धार तळाला लागली तिचा टणकन आवाज आला. मग दुसरी. मग चरवीत फेस चढू लागला. आप्पांनी मान वर केली नाही आणि दाजींनी डोळे उघडले नाहीत. ठकूबाई तोंडात पदर धरून रडत होती. मीही रडत होतो, हे मला नंतर आक्कानं सांगितलं. मी ते मान्य केलेलं नाही.

चरवी हंड्यात रिकामी झाली आणि लाकडं पेटली. आप्पांनी दगडापुढं उभं राहून गाऱ्हाणं घातलं, एकेका चुलीचं नाव घेतलं. सगळ्यांत शेवटी म्हणाले, "आणि बाईची चूल." वाड्यावर आक्काला सगळे बाईच म्हणतात; दाजींचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मुद्दाम की सवयीनं, कोण जाणे. दाजी तिथं नव्हतेच, घरात होते.

खीर झाली तेव्हा आप्पांनी पानावर वाढून आधी त्या चौघांना दिली. देवाची खीर, नाही म्हणायची सोय नव्हती. चष्मेवाल्यानं पान हातात घेतलं तसे आप्पा म्हणाले, "ह्यातलं पास्टरच्या म्हशीचं दूध तेवढं येगळं काढून दावा. मग त्याला खुशाल खाली घेऊन जावा."

चौघांनी खीर खाल्ली. जाताना चष्मेवाला "बगू" म्हणाला. त्या शब्दात काय होतं ते मला नीट कळलं नाही, आणि आजही मी त्याबद्दल निर्धास्त नाही.

मी दोन पानं खीर खाऊन घरी आलो. दाजी पायरीवर बसले होते, भाकरी तशीच होती. मी शेजारी बसलो. भाकरीचं ताट बाजूला सारून त्यांनी विचारलं, "बाळू, मी दिलं का रं दूध?"

"म्हशीनं दिलं, दाजी," मी म्हटलं.

"तिनं कशानं सोडलं, ते मला म्हाईत हाय न्हवं."

"मग गेलासा कशाला तिच्याजवळ?"

"आप्पा धुळीत पडलेले मला बगवंनात," ते म्हणाले. "येत्या रविवारी हे समदं लोकांपुढं सांगणार हाय. निपाणीच्या मंडळीतल्या थोरांना बी कळवणार. मग ते काय म्हणायचं ते म्हणूदेत." आतून आक्कानं दोघांनाही झोपायला हाका मारल्या.

सकाळी मी एकटाच निघालो. आक्काला "चल" म्हणायचं माझ्या तोंडून आलंच नाही. तिनं चांदीच्या लोण्याचं कढवलेलं तूप बरणीत भरून दिलं आणि वर चारचारदा बजावलं, "आईला म्हण, भाकरीवर घालून खा. गुडघ्याला बरं आसतंय." ओढ्यापर्यंत दाजी सोबत होते. टपरीवाल्यानं मला बघून विचारलं, "काय झालं वो वर?" "खीर झाली," मी म्हटलं. त्यानं चहा दिला. या खेपेला तो झकास लागला.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली. जांबोटी मागं पडली आणि झाडी विरळ झाली तसा माझ्या डोक्यात आईला काय सांगायचं याचा घोळ सुरू झाला. जाताना मला वाटत होतं की वर एक बाजू दाजींची असेल, एक त्यांच्या विरोधकांची, आणि आपण आपलं माणूस मधून काढून आणायचं. तिथं तर दाजी आणि आप्पा आपापल्या देवाला धरून ताठ उभे होते, आणि तरी एकानं दुसऱ्याची पत जाऊ दिली नाही. दाजींवरचा माझा राग गेला का? सगळा नाही. पण पुढच्या वेळी मला कुणी "तुमचे पास्टर" असं खवचटपणे म्हणालं तर मी "व्हय, आमचेच" म्हणणार आहे.

आई दारातच होती. माझ्या मागं कुणी नाही हे बघून तिचा चेहरा पडला. "का आली न्हाय?"

"म्हस दुसऱ्याच्या हाताला दूध सोडत न्हाय," मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातली बरणी घेतली, झाकण काढून वास घेतला आणि आत गेली. मी पाय धुऊन आलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. देव्हाऱ्यात निरांजन लागलं होतं, आणि बरणी देवांच्या शेजारी, वातींच्या डब्यापाशी ठेवलेली होती. "लई चांगलं तूप हाय," आई म्हणाली. "ह्याला वासच न्यारा. आता देवाला रोज हेच लावणार."

ते भाकरीवर घालून खायचं होतं, हे आक्काचं सांगणं मी माझ्यापाशीच ठेवलं.

पुढच्या आठवड्यात दाजींचा फोन आला. निपाणीला जाऊन आले होते. थोरांनी पुष्कळ विचारलं, यांनी जसं घडलं तसं सांगितलं, शेवटी एका वृद्धानं प्रार्थना केली आणि त्यांना परत कामावर जायला सांगितलं. चांदी बरी होती. मग ते म्हणाले, "बाळू, तूप आवडलं का आईंना?"

देव्हाऱ्यात निरांजन जळत होतं. आई हात जोडून पुटपुटत होती. देवांची नावं संपली, मग माझं नाव आलं, आक्काचं आलं, आणि तिच्या मागोमाग, अडखळत का होईना, पहिल्यांदाच, "योहान" आलं.

"व्हय, दाजी," मी म्हटलं. "रोज लागतंय तिला."